खोट्या सूचना बोलत होत्या, खऱ्या गप्प होत्या: घरच्या एका लॅपटॉपचं प्रकरण

घर कराडचं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू घरीच शिवणक्लास घेतात, मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत. लॅपटॉप तिनेच जाताना मागे ठेवलेला. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज १०. त्यावर पेन्शनची कागदपत्रं, विजेचं बिल, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, काकूंचे ब्लाउजच्या गळ्यांचे व्हिडिओ आणि रविवारी मुलीशी बोलणं, एवढंच काम. तक्रार एका वाक्यात आली: "दिवसभर व्हायरस, व्हायरस म्हणून ओरडतंय. ते तेवढं बंद करून दे."

ओळखीच्यांचे संगणक बघून देताना ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथे माझ्याआधी कोणीतरी सूचना "बंद" करून दिल्या होत्या. त्याने बंद केल्या त्या विंडोजच्या स्वतःच्या, म्हणजे खऱ्या. ओरडत होत्या त्या खोट्या, आणि त्यांना कोणी हातही लावला नव्हता. लॅपटॉपचा अँटीव्हायरस कित्येक महिने निकामी पडला होता, फायरवॉल (नेटवर्कवरून होणारे नको ते संपर्क अडवणारी भिंत) बंद होती, आणि हे सांगू शकणारी सूचना येण्याची वाटच बंद करून ठेवलेली होती. घरातल्या दोघांना याची काही कल्पना नव्हती. त्यांच्या दृष्टीने संगणक सुरक्षेबद्दल नको तितकं बोलत होता.

पाठवणारा कोण

विंडोजच्या उजव्या कोपऱ्यात सरकून येणारी प्रत्येक चौकट दिसायला सारखीच असते. एक चिन्ह, एक मथळा, दोन ओळी मजकूर. फसवणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. ढालीचं चित्र टाकून "५ व्हायरस सापडले" एवढं लिहिलं की चौकट आपोआप अधिकृत दिसायला लागते. म्हणून मजकूर मागाहून वाचायचा, आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचं. विंडोजची कळ आणि ए एकत्र दाबले की अॅक्शन सेंटर उघडतं. तिथे साठलेल्या सूचना ज्या त्या प्रोग्रामच्या नावाखाली गटागटाने लावलेल्या असतात.

काकांच्या लॅपटॉपवर सगळ्यांत लांबलचक गट 'गूगल क्रोम' या नावाखाली होता. दुसरा गट लॅपटॉपबरोबर फुकट चाचणीसाठी आलेल्या एका अँटीव्हायरसचा. 'विंडोज सिक्युरिटी' किंवा 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' या नावाने एकही सूचना नव्हती. मला खरी काळजी वाटली ती इथे.

काकांना ही यादी दाखवली तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "क्रोम तर इंटरनेट बघायचं ना? मग माझ्या लॅपटॉपमधले व्हायरस त्याने कधी मोजले?" मोजलेच नव्हते. क्रोमच्या नावाखाली आलेल्या प्रत्येक चौकटीत, मजकुराजवळ बारीक अक्षरात एका वेबसाइटचा पत्ता होता. कधी नुसती अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं नाव, कधी 'सिक्युअर' किंवा 'अलर्ट' असा शब्द घातलेलं. या वेबसाइटना लॅपटॉपच्या आत काय आहे ते दिसत नाही. त्या फक्त मजकूर पाठवत होत्या आणि ब्राउझर तो दाखवत होता.

ही सोय मुळात चांगल्या हेतूने आली. एप्रिल २०१५ मध्ये क्रोमच्या ४२ व्या आवृत्तीपासून वेबसाइटना थेट सूचना पाठवता येऊ लागल्या. साइट बंद असली तरी नवा मेल आला, कोणी निरोप पाठवला, तर कळावं म्हणून. परवानगीसाठी एकच बटन: 'अलाऊ'. ते एकदा दाबलं की परवानगी काढून घेईपर्यंत ती साइट पाहिजे तेव्हा, पाहिजे तो मजकूर पाठवू शकते. माझं स्पष्ट मत आहे की इतका मोठा हक्क एवढ्या सहज दाबल्या जाणाऱ्या बटनावर ठेवायला नको होता. ब्राउझरनी पुढे ही विचारणा थोडी सौम्य केली, पण आधी दिलेल्या परवानग्या ठिकठिकाणच्या घरांत अजून तशाच चालू सापडतात.

काकांनी 'अलाऊ' कुठे दाबलं असेल याचा माग क्रोमच्या इतिहासात, म्हणजे आधी उघडलेल्या पानांच्या नोंदीत लागला. सातबारा शोधताना ते सरकारी संकेतस्थळाऐवजी तसंच नाव असलेल्या दुसऱ्याच पानावर गेले होते. तिथे काळ्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाऊ' दाबा. ही जुनी आणि आजही जोरात चालणारी युक्ती आहे. रोबोट नसल्याची खरी तपासणी पानाच्या आत असते, तिथे चौकोनात टिक करायची असते किंवा चित्रं निवडायची असतात. 'अलाऊ' आणि 'ब्लॉक' अशी दोन बटनं असलेली चौकट पानाची नसते. ती ब्राउझरची असते आणि वर, पत्त्याच्या पट्टीला लागून उघडते. काकूंना हा फरक एकदा दोन खिडक्या शेजारी लावून दाखवला आणि तो त्यांना काकांच्या आधी पटला.

दुरुस्ती अशी केली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स'. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी निघाली. त्यात काकूंचं व्हॉट्सॲप वेब होतं, बाकी सगळी ती अनोळखी नावं. प्रत्येक नावापुढच्या तीन ठिपक्यांत 'रिमूव्ह' आणि 'ब्लॉक' असे दोन पर्याय असतात. 'रिमूव्ह' केलं तर साइट यादीतून जाते, पण पुढच्या वेळी पुन्हा परवानगी मागू शकते. 'ब्लॉक' केलं तर मागूही शकत नाही. मी सगळ्या अनोळखी साइट ब्लॉक केल्या. मग त्याच पानावर वर असलेला पर्याय बदलून कोणत्याही साइटला सूचना पाठवता येणार नाहीत असा ठेवला. आधी परवानगी दिलेली साइट त्यातून सुटते, म्हणून काकूंचं व्हॉट्सॲप चालू राहिलं.

विंडोजच्या सेटिंग्जमधून क्रोमच्या सगळ्याच सूचना एका फटक्यात बंद करता आल्या असत्या. पण मग क्लासच्या मुलींचे निरोप काकूंना लॅपटॉपवर कळले नसते, आणि काही दिवसांनी कोणीतरी तो खटका पुन्हा चालू केला असता. ब्लॉक न केलेल्या परवानग्या तेव्हा तशाच जाग्या झाल्या असत्या.

कॅलेंडरवरचा नंबर

यादी साफ करताना काकू म्हणाल्या, "आणि तो मोठा आवाज करणारा?" भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात काकांनी एक फोन नंबर लिहून ठेवला होता. एका चौकटीवर क्लिक केल्यावर सगळा पडदा व्यापून एक पान उघडलं होतं. सायरनसारखा आवाज, इंग्रजीत बोलणारी बाई, संगणक लॉक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर मायक्रोसॉफ्टला फोन करा. काकांनी नंबर लिहून घेतला, आणि पान कसं घालवायचं ते न कळल्याने बटन दाबून धरून लॅपटॉप बंद केला. फोन दुसऱ्या दिवशी करू म्हणून राहून गेला. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

या एका फोननंतर काय होतं ते ठाऊक असलेलं बरं. पलीकडचा माणूस अतिशय सभ्यपणे बोलतो आणि संगणकाचा दुरून ताबा देणारं ॲप बसवायला सांगतो. मग विंडोजमधला 'इव्हेंट व्ह्युअर' उघडून त्यातल्या लाल खुणा दाखवतो. त्या खुणा धडधाकट चालणाऱ्या प्रत्येक विंडोज संगणकावर असतात. एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला तरी तिथे नोंद पडते. पण निवृत्त माणसाला त्या ओळी दाखवल्या की तो घाबरणारच. पुढे पैसे भरणं, बँकेचं पान उघडायला लावणं. आपल्या देशातूनही अशी कॉल सेंटर चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर छापे घातले, त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली होती. धंदा जुनाच आहे. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोटी तपासणी दाखवून 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटीव्हायरस' असली सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा फसलेल्या गिऱ्हाइकांचा आकडा १० लाखांच्या वर सांगितला होता.

ओळखायची खूण साधी आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर सांगितलेलं आहे. पान घालवायची रीत मी काकांकडून हाताने करून घेतली. एस्केप दाबून धरायची, नाहीतर एफ-११. पूर्ण पडदा सुटला की खिडकी बंद करायची. नाहीच जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, त्यात क्रोम निवडून 'एंड टास्क'. नंतर क्रोम उघडल्यावर आधीची पानं परत आणू का असं विचारलं तर नको म्हणायचं, नाहीतर तेच पान परत समोर येतं. कॅलेंडरवरचा नंबर काकांनी स्वतः खोडला आणि त्या जागी १९३० लिहिला, सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा सरकारी क्रमांक.

मुदत संपलेला राखणदार

दुसऱ्या गटाचं प्रकरण वेगळं होतं. ते सॉफ्टवेअर खोटं नव्हतं. लॅपटॉपबरोबर चाचणीसाठी आलेलं, मुदत कधीच संपलेलं, आणि रोज लाल चौकट दाखवून नूतनीकरणाचे पैसे मागणारं. त्या चौकटीतलं वाक्य अक्षरशः खरं होतं: तुमचं संरक्षण संपलं आहे. व्हायरसच्या माहितीची शेवटची भर कित्येक महिन्यांपूर्वीची होती. पण रोजच्या खोट्या आरोळ्यांमध्ये हे एक खरं वाक्यही काका न वाचताच घालवत होते. सवयीने माणसाचं लक्ष कसं उडतं, यावर अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली मेंदूच्या स्कॅनवरून काम केलं. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला तेवढ्यातच मेंदूतला दृश्य प्रतिसाद ठळकपणे घसरलेला त्यांना दिसला. काकांनी तर तो कैक वेळा पाहिलेला होता, त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही.

इथे दोनच मार्ग होते: पैसे भरून नूतनीकरण, किंवा ते पूर्ण काढून टाकणं. अर्धवट ठेवण्यात सगळ्यांत जास्त तोटा. दुसरा अँटीव्हायरस नोंदलेला असला की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, सहसा बाजूला होतो. या लॅपटॉपवर 'विंडोज सिक्युरिटी'च्या पानावर संरक्षक म्हणून अजून त्याच जुन्या सॉफ्टवेअरचं नाव होतं. काका-काकूंच्या वापराला डिफेंडर पुरेसा आहे असं माझं मत. पैसे देऊन अँटीव्हायरस घेण्यात गैर काहीच नाही, आपल्या पुण्यातच १९९५ पासून क्विक हीलसारखं नाव उभं राहिलेलं आहे. पण घेतला तर मुदत सांभाळायला हवी, आणि या घरात ती सांभाळणारं कोणी नव्हतं.

सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मधून ते काढलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, मग त्याच कंपनीच्या अधिकृत साइटवरचं सफाईचं साधन चालवून उरलेसुरले भागही काढले. हे शेवटचं पुष्कळ जण सोडून देतात, आणि मग चौकटी चालूच राहतात. पुन्हा सुरू झाल्यावर डिफेंडर आपोआप जागा झाला. पहिली पूर्ण तपासणी रात्री लावून ठेवली. सातबाऱ्याच्याच एखाद्या पानावरून आलेलं एक फालतू टूलबार (ब्राउझरला चिकटणारी जादा पट्टी) सापडलं, दुसरं काही नाही.

आधीच्या माणसाने काय मिटवलं होतं

आता खरा प्रश्न: विंडोज गप्प का होतं? ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर 'सिक्युरिटी सेंटर' आलं, तेव्हापासून अँटीव्हायरस किंवा फायरवॉल बंद पडली की विंडोज स्वतःहून सांगतं. इथे सांगत नव्हतं. सेटिंग्ज, 'सिस्टिम', 'नोटिफिकेशन्स अँड ॲक्शन्स' इथे गेल्यावर दिसलं की पाठवणाऱ्यांच्या यादीत 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' बंद आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या त्याच नावाच्या पानावर व्हायरस संरक्षण आणि नेटवर्क फायरवॉल यांपुढच्या टिका काढलेल्या. वर सूचना गप्प करणारा 'फोकस असिस्ट' फक्त गजर तेवढा वाजेल असा ठेवलेला. आणि फायरवॉल खासगी नेटवर्कसाठी बंद. काकांना आठवलं, प्रिंटर जोडून देणाऱ्या माणसाला त्यांनी हीच तक्रार सांगितली होती. प्रिंटर जोडला जाईना म्हणून त्याने फायरवॉल बंद केली असावी, मग तिची सूचना येऊ लागली म्हणून सूचनाही.

त्याचा हेतू वाईट नव्हता. शोधायला सोपे खटके विंडोजचे आहेत. 'सिक्युरिटी' शब्द लिहून शोधलं की तेच पुढे येतात. खोट्या सूचनांचा खटका ब्राउझरच्या आत तीन पायऱ्या खाली, 'साइट' या शब्दाखाली आहे. "सुरक्षा-सूचना बंद करा" अशी मागणी शब्दशः पाळणारा माणूस नेमका चुकीच्या जागी पोचतो.

फायरवॉल चालू केली, प्रिंटर तरीही चालला. सगळ्या टिका परत घातल्या, फोकस असिस्ट काढला.

मग काही पिवळे त्रिकोण उगवले, ते अपेक्षितच होते. 'विंडोज सिक्युरिटी'च्या पानावर एकच पिवळी खूण वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टींसाठी येते, म्हणून प्रत्येक उघडून वाचावी लागते. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) जोडा ही शिफारस होती, काकांना नको होती, खाली 'डिसमिस' आहे ते दाबलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा, हीही तेव्हा डिसमिस केली. तिसरा त्रिकोण मात्र मोलाचा निघाला: नको असलेली ॲप्स रोखण्याची सोय बंद आहे. सापडलेलं टूलबार याच वाटेने आलं होतं. ती सोय चालू केली आणि त्रिकोण आपोआप गेला. सूचना घालवायची सगळ्यांत चांगली रीत मला हीच वाटते.

काकांच्या मागणीतला खरा भाग अजून बाकी होता. डिफेंडर तपासणी करून "काही सापडलं नाही" असंही अधूनमधून कळवतो, आणि काकांना तेही नको होतं. 'विंडोज सिक्युरिटी'च्या खालच्या कोपऱ्यातल्या चक्रात 'मॅनेज नोटिफिकेशन्स' आहे. तिथे अलीकडच्या हालचाली आणि तपासणीचे निकाल, धोका सापडला पण लगेच काही करायची गरज नाही, फाइल किंवा कृती रोखली गेली, असे वेगवेगळे खटके मिळतात. पहिला बंद केला, बाकीचे ठेवले. तातडीचे इशारे तिथून बंद होत नाहीत.

पडदा काळवंडून "हो की नाही" विचारणारी चौकटही काढून टाक, असं काका म्हणाले. ती विंडोज व्हिस्टापासूनची परवानगीची चौकट आहे. एखादा प्रोग्राम संगणकात खोलवर बदल करू पाहतो तेव्हाच ती येते. मी ती काढली नाही, आणि का काढली नाही हे त्यांना सांगितलं: तुम्ही स्वतः काही बसवत नसताना ती आली तर 'नाही' दाबा, मला फोन करा.

एवढ्या सूचना गप्प केल्यावर खरा इशारा वाजतो का, हे बघितल्याशिवाय उठायचं नाही, हा माझा नियम आहे. त्यासाठी आयकार नावाची चाचणी आहे: ६८ अक्षरांची एक ठरलेली ओळ, पूर्ण निरुपद्रवी, पण सगळे अँटीव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस मानतात. ती नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल सेव्ह केली. डिफेंडरने तत्क्षणी फाइल उचलली आणि कोपऱ्यात चौकट आली. वर नाव 'विंडोज सिक्युरिटी', खाली वेबसाइटचा पत्ता नाही, फोन नंबर नाही. काकूंनी त्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुढे शंका आली तर ताडून बघायला खरी सूचना त्यांच्याकडे आहे.

राहिली एक सूचना, जी खरी होती आणि कोणत्याही खटक्याने सुटणारी नव्हती. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे तो लॅपटॉप अधूनमधून पूर्ण पडद्यावर सांगत होता. प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळण्याची नोंदणी आहे, तिचा दुवा 'विंडोज अपडेट'च्या पानावरच येतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे जो त्रिकोण आम्ही थोड्या वेळापूर्वी डिसमिस केला, त्याच खात्याकडे परत यावं लागलं. काकांनी नाखुशीनेच खातं उघडलं, पासवर्ड काकूंच्या वहीत लिहिला, नोंदणी झाली. त्यापुढे नवा लॅपटॉप घ्यायचा की यावरच विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकायची, हे रविवारच्या कॉलवर मुलीशी बोलून ठरवणार आहेत.